छतावरची जुनी विटांची चिमणी स्वतः बांधायची का? सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत १९२६ चं घर घेतलंय, छताच्या वरची चिमणी एका बाजूला कललीय, विटांचे पापुद्रे सुटतायत, अ‍ॅटिकमध्ये चिमणीभोवती ओल दिसते. कॉन्ट्रॅक्टरने अकरा हजार डॉलर सांगितलेत. फर्नेस (घर गरम करायचं यंत्र) आधीच्या मालकाने बदललाय आणि त्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढलाय, पण गॅसचा वॉटर हीटर अजून चिमणीतच सोडलेला आहे. बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांनी गावाकडे स्वतः उभं राहून घर बांधून घेतलंय, तर दोघं मिळून विकेंडला हे जमेल का?

जमेल. पण छताच्या वरचा भाग तेवढाच. छताच्या खाली, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये किंवा फायरप्लेसपाशी काही बिघडलेलं निघालं तर तिथे हात घालू नका, ते वेगळं काम आहे आणि त्यात आगीचा प्रश्न येतो. मी मूळचा सांगलीकडचा, सिव्हिल करून इकडे आलो आणि बरीच वर्षं न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या घरांच्या विटकामातच आहे, त्या अनुभवावरून सांगतो की यात वीट रचणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, लोक घाबरतात त्यालाच आणि ज्याला घाबरायला पाहिजे त्याकडे बघत पण नाहीत. चिमणी खराब करतं ते पाणी, वरून येणारं आणि आतून येणारं. ते दोन्ही बंद केलं नाही तर तुमची नवी चिमणीही काही वर्षांत तशीच होणार.

आधी आतलं पाणी, कारण तुमच्या केसमध्ये मला तोच मुख्य संशय आहे. गॅस जळला की वाफ तयार होते, भरपूर. पूर्वी जुना फर्नेस आणि वॉटर हीटर दोन्ही एकाच चिमणीत जायचे, फर्नेसच्या उष्णतेने चिमणी गरम राहायची आणि वाफ वरून निघून जायची. आता फर्नेस गेला आणि एवढ्या मोठ्या थंड फ्लूमध्ये (चिमणीच्या आतल्या धुराच्या नळीत) एकटा छोटासा हीटर राहिला. त्याच्या धुरात तेवढी ताकद नसते, वाफ अर्ध्या वाटेत थंड होऊन भिंतीला पाणी सुटतं, ते पाणी आम्लधर्मी असतं आणि शिवाय घर १९२६ चं म्हणजे सुरुवातीला बहुतेक कोळसाच जळला असणार, त्या काजळीतलं गंधक त्या पाण्यात उतरतं. ते विटांच्या सांध्यातल्या मालात, म्हणजे सिमेंट-चुना-वाळूच्या मिश्रणात गेलं की माल फुगतो. जी बाजू जास्त वेळ ओली राहते ती जास्त फुगते आणि चिमणी दुसऱ्या बाजूला कलते. म्हणजे ती कललीय ती पाया खचला म्हणूनच असं समजू नका, छताच्या वरच कललेली असेल तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. बाहेरून पांढरा लोणा आलाय का बघा, तसा असेल तर पाणी विटेतून आरपार येतंय.

म्हणून चिमणी बांधायच्या आधी फ्लूमध्ये कॅमेरा घालून तपासणी करून घ्या. इथे याला लेव्हल टू इन्स्पेक्शन म्हणतात, घर विकत घेतानाच ते करायला हवं असतं पण फारसं कोणी करत नाही. आत मातीचा लायनर (फ्लूचं आतलं अस्तर) आहे की नुसत्या विटा आहेत ते त्यात कळेल, त्या काळातल्या घरात लायनर असेलच असं नाही. एकट्या हीटरसाठी बहुतेक करून आतून धातूचा बारीक लवचिक लायनर सोडावा लागतो, गॅसला अ‍ॅल्युमिनियमचा चालतो पण मी स्टेनलेसच घ्या म्हणेन. दुसरा पर्याय म्हणजे हीटरच असा घ्यायचा की ज्याला चिमणी लागत नाही, मग चिमणी छताखालपर्यंत उतरवून वरून छत बंद करून टाकता येतं आणि हे सगळं उत्तर वाचायची गरजच उरत नाही. फायरप्लेस वापरायची नसेल तर याचा खरंच विचार करा. जुन्या घराची शोभा म्हणून ठेवायची असेल तर पुढे वाचा.

परमिट काढा. स्वतःच्या राहत्या घराचं काम स्वतः करायला बहुतेक टाउनशिपमध्ये परवानगी मिळते, बिल्डिंग डिपार्टमेंटला एक साधी आकृती द्यावी लागते. घर हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये असेल तर त्यांना वेगळं विचारा, विटेचा रंग आणि सांध्याची पद्धतसुद्धा ते बघतात. उंचीचा नियम लक्षात ठेवा: छतातून जिथे बाहेर येते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या परिघात छताचा जो काही भाग येतो त्यापेक्षा किमान २ फूट उंच. जुनी चिमणी त्यापेक्षा बुटकी असेल तर तशीच बांधू नका.

आणि मे ते ऑगस्टच्या दरम्यान तोडायच्या आधी आत वाकून बघा. चिमणी स्विफ्ट नावाचे पक्षी अशा जुन्या उघड्या चिमण्यांमध्ये घरटं करतात, (हो, चिमणीत राहणारे, पण आपली चिमणी नव्हे) १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, अंडी-पिल्लं असताना घरटं काढता येत नाही. ती उडून जाईपर्यंत थांबायचं. तसंही मला सप्टेंबर सगळ्यात आवडतो, ऊन मऊ असतं आणि थंडी अजून लांब असते. तापमान ४ अंश सेल्सिअसच्या म्हणजे इथल्या ४० फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर विटकाम करायचं नाही, रात्रीचं तापमान बघा, दिवसाचं नाही.

आता चढायचं कसं. शिडीवर उभं राहून चिमणी बांधता येत नाही, हे अजिबात डोक्यात आणू नका. चिमणीभोवती परांची पाहिजे, छताच्या उताराला बसणारी, भाड्याने मिळते. तोलून बघा: १६ बाय २० इंची चिमणी असेल तर एका थराला ७ विटा लागतात, तीन थरांना ८ इंच होतात, म्हणजे ५ फूट उंचीला साधारण २२-२३ थर, १६० च्या आसपास विटा, फुटतुटीसाठी दहा टक्के वर धरा. एक वीट चार पौंडाची. त्यात माल, लायनर, वरचं काँक्रीट धरलं की अर्धा टन वजन तुम्ही वर नेणार आहात आणि तेवढंच आधी खाली आणणार आहात. हार्नेस घालायचा आणि त्याचा दोर छताच्या वाशाला स्क्रू केलेल्या अँकरला बांधायचा, चिमणीला नाही. विजेच्या तारा दहा फुटांच्या आत असतील तर आधी वीज कंपनीला फोन. आणि काकांना, म्हणजे तुमच्या बाबांना, वर चढवू नका. त्यांना राग येईल, पण त्यांना खाली मालाच्या घमेल्यावर बसवा, ते काम जास्त महत्त्वाचं आहे, का ते पुढे सांगतो.

तोडताना पहिलं काम म्हणजे वॉटर हीटर बंद करायचा आणि त्याचा पाइप चिमणीपासून सोडवून ठेवायचा. वरून पडलेला राडारोडा फ्लूमध्ये अडकला आणि खाली हीटर चालू राहिला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो, त्याला वास नसतो. फ्लूमध्ये चिंध्या भरलेलं पोतं अडकवायचं आणि त्याला दोरी बांधून दोरीचं टोक बाहेर ठेवायचं, म्हणजे काढायचं विसरणार नाही. मग वरून एकेक थर छिन्नी-हातोड्याने उतरवायचा. चुन्याचा जुना माल असेल तर वीट हातानेच निघते. खाली फेकू नका, बादलीने उतरवा, शिंगल्सवर (छतावरच्या कौलांसारख्या पट्ट्यांवर) प्लायवूड अंथरा. ग्राइंडर वापरणार असाल तर धुळीत सिलिका असते, चांगला रेस्पिरेटर लावा, रुमाल बांधून काही होत नाही. छताच्या रेषेपर्यंत आल्यावर उरलेल्या विटांचे सांधे स्क्रूड्रायव्हरने कोरून बघा, माल वाळूसारखा गळत असेल तर आणखी दोन-तीन थर खाली जा. तरीही गळतोय, अ‍ॅटिकमध्ये पण तसाच आहे, तर थांबा आणि माणूस बोलवा. लाकूड आणि चिमणी यांच्यात २ इंचांची मोकळी जागा पाहिजे, जुन्या घरात वासा चिमणीला टेकलेला सापडतो, तसं दिसलं तरी थांबा.

जुन्या विटा परत वापराव्यात का? सगळ्यांना वापराव्याशा वाटतात. दोन विटा एकमेकींवर आपटा, आपल्याकडे भट्टीवर घेताना करतो तसंच, खणखणीत आवाज आला तर भाजलेली आहे, थप्प असा आला तर कच्ची. त्या काळी फिकट गुलाबी कच्च्या विटा आतल्या बाजूला वापरायचे, इथे त्यांना सॅमन ब्रिक म्हणतात, त्या उघड्यावर लावल्या की दोन हिवाळ्यांत भुगा. शिवाय आतल्या बाजूला काजळी शोषलेली वीट उलटी लावली तर डाग महिनोन्‌महिने बाहेर येत राहतो. माझं मत असं की छताच्या वर नवी वीट घ्या, एस डब्ल्यू ग्रेडची, म्हणजे कडक हवामानाची, आणि रंग जुन्याशी जुळवा. भरीव घ्या, भोकाची नको.

आता माल. इथेच घरी करणाऱ्यांचं काम बिघडतं, कारण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की सिमेंट जास्त म्हणजे मजबूत. दुकानात गेलात की एम, एस, एन, ओ अशा प्रकारच्या पिशव्या दिसतील, एम सगळ्यात कडक आणि ओ सगळ्यात मऊ. एस आणि एम चिमणीला नकोत. मालाने विटेपेक्षा मऊ असलं पाहिजे, हा नियम जुन्या घरांच्या दुरुस्तीत मोडायचा नसतो. थंडीत-उन्हात भिंत आकसते-पसरते, तो ताण कुठेतरी निघायला हवा, माल मऊ असेल तर तो सांध्यात निघतो आणि सांधा परत भरता येतो. माल कडक असेल तर ताण विटेवर येतो, पाणी पण सांध्यातून न निघता विटेतून निघायला बघतं, मग ते गोठलं की विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. तुमच्या विटांचे पापुद्रे सुटतायत ना, बारकाईने बघा, मधे कधीतरी कोणीतरी राखाडी सिमेंटने सांधे भरलेले असणार.

नव्या कडक विटेला टाइप एन घ्या: एक भाग पोर्टलँड सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. जुन्या मऊ विटाच लावायच्या ठरल्या तर टाइप ओ, एकास दोन चुना आणि नऊ वाळू. हे माप बादलीने घ्यायचं, फावड्याने नाही, कारण ओली वाळू फुगलेली असते आणि प्रत्येक फावडं वेगळं भरतं. यासाठीच काका खाली पाहिजेत, पहिल्या घमेल्यापासून शेवटच्या घमेल्यापर्यंत एकच माणूस एकच माप टाकणार, नाहीतर सांध्यांचा रंग थराथराला बदलतो आणि तो कायमचा दिसतो. चुन्याच्या पिशवीवर पण टाइप एस लिहिलेलं असतं, त्याचा आणि टाइप एस मालाचा काही संबंध नाही, दुकानात पोरगा गोंधळ करतो. हातमोजे घाला, चुना कातडी खातो. कालवलेला माल अडीच तासांत संपवा, नंतर पाणी घालून परत मळत बसू नका.

काका म्हणतील विटा रात्रभर पाण्यात भिजवून ठेव. गावाकडे ते बरोबर आहे कारण आपली वीट पाणी पिते. इथली नवी वीट घट्ट असते, ती भिजवली तर मालावर नुसती तरंगते आणि घसरते. वाद घालण्यापेक्षा टेस्ट करा: विटेच्या ज्या बाजूवर माल पडणार तिथे क्वार्टरचं नाणं ठेवून पेन्सिलीने गोल काढा, ड्रॉपरने त्या गोलात पाण्याचे वीस थेंब टाका आणि घड्याळ लावा. दीड मिनिटाच्या आत सगळं पाणी पिऊन टाकलं तर वीट आधी ओली करून वरून सुकू द्यायची, दीड मिनिटानंतर पण पाणी दिसतंय तर कोरडीच लावायची. नव्या विटा सहसा कोरड्याच लागतात, जुन्या बहुतेक वेळा ओल्या कराव्या लागतात.

रचायला सुरुवात करायच्या आधी पहिला थर मालाशिवाय मांडून बघा, गुण्या लावून चारही कोपरे तपासा. एका काठीवर दर तीन थरांना ८ इंच अशा खुणा करून ठेवा आणि प्रत्येक थराला ती काठी चारही कोपऱ्यांना लावा, ओळंबा दर दोन-तीन थरांनी. सांधेमोड विसरू नका, उभे सांधे एकावर एक आले की संपलं. आडवा सांधा पूर्ण भरायचा, कडेला लावून मधे पोकळ ठेवायचा नाही, उभ्या सांध्यात तर हे फार होतं आणि पाणी तिथूनच शिरतं. सांध्यावर अंगठा दाबला की ठसा उमटतो पण माल बोटाला लागत नाही, त्या वेळेला गोल जॉइंटरने दाबून आत वळवायचा, त्याने सांध्याचा चेहरा घट्ट होतो. एका दिवसात चार फुटांच्या वर जाऊ नका.

मातीचा लायनर लावणार असाल तर लायनर आधी, विटा त्याच्या मागून वर. लायनरच्या तुकड्यांचा सांधा साध्या मालाने नाही, रिफ्रॅक्टरी म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मालाने, आणि अगदी पातळ. लायनर आणि विटा यांच्यातली फट भरायची नाही!! भारतातून आलेल्या प्रत्येक माणसाचा हात तिथे माल ओतायला शिवशिवतो, पोकळी दिसली की आपल्याला चैन पडत नाही. लायनर तापून पसरतो, त्याला जागा नाही मिळाली तर तो तडकतो. तुकडा जागेवर राहण्यापुरता माल, बस.

वरून येणारं पाणी अडवायच्या दोन जागा, फ्लॅशिंग (छत आणि चिमणीच्या जोडावरचे पत्रे) आणि क्राउन. तुमच्या अ‍ॅटिकमधली ओल बहुतेक फ्लॅशिंगची आहे. कडेने शिंगलच्या प्रत्येक ओळीबरोबर एकेक वाकवलेला पत्रा, त्याच्यावरून दुसरा पत्रा जो विटांच्या सांध्यात इंचभर आत गेलेला, असे दोन थर पाहिजेत. तुम्ही नव्याने बांधताय म्हणून हा वरचा पत्रा सांध्यात बांधतानाच बसवता येतो, ही संधी नंतर मिळत नाही. तांबं किंवा शिसं घ्या, अ‍ॅल्युमिनियम ताज्या मालाला लागला की खराब होतो. चिमणीची छताच्या उताराला आडवी रुंदी ३० इंचांच्या वर असेल तर मागच्या बाजूला छोटं दुतर्फा उताराचं छपर करावं लागतं, पाणी आणि बर्फ दोन्हीकडे वळवायला. आणि काळं डांबर फासून गळती बंद करायचा मोह टाळा, त्याखाली काय सडतंय ते पुढच्या माणसालाच कळतं.

क्राउन म्हणजे वरची टोपी. जुन्या चिमण्यांवर उरलेला माल थापून उतार दिलेला असतो, तो वर्षा-दोन वर्षांत तडकतो. तसं करू नका, काँक्रीट ओता, कडेला किमान २ इंच जाड, चारही बाजूंनी विटांच्या बाहेर अडीच इंच आलेलं, बाहेरच्या बाजूला उतार. फळ्यांचा साचा करताना बाहेर आलेल्या भागाच्या खालच्या फळीवर कडेपासून थोडं आत एक गोल पट्टी ठोका, साचा काढला की तिथे खाच राहते, पाणी तिथेच तुटून खाली टपकतं, विटांवरून ओघळत नाही. आपल्याकडे छज्ज्याच्या खालून अशी खाच ठेवतात तेच. लायनरभोवती फोम गुंडाळून मग ओता म्हणजे काँक्रीट लायनरला चिकटत नाही, नंतर ती फट सीलंटने भरा. लायनर क्राउनच्या वर दोन-तीन इंच दिसला पाहिजे. आणि इथे मात्र काकांचं ऐका, ओलं गोणपाट टाकून आठवडाभर पाणी मारा. इथले लोक काँक्रीट ओतून घरी निघून जातात, तराई हा प्रकार आपल्या माणसांना जास्त चांगला कळतो.

वरून रंग किंवा चकचकीत सीलर लावू नका, आतली वाफ अडकते. लावायचंच असेल तर साधारण महिनाभर थांबून सायलेन-सायलॉक्सेनवालं, जे वाफ बाहेर जाऊ देतं. जाळीचं स्टेनलेस झाकण बसवा, पाऊस आणि खारी दोन्ही बाहेर राहतात.

शेवटी फ्लूमधलं पोतं काढा, पाइप जोडा, इन्स्पेक्टरला दाखवा, मगच हीटर चालू करा. पहिल्यांदा चालू करताना घराची दारं-खिडक्या बंद, बाथरूमचे पंखे, किचनचा एक्झॉस्ट आणि ड्रायर सगळे चालू, आणि गरम पाण्याचा नळ सोडून हीटर पाच मिनिटं जळू द्या. मग एक उदबत्ती पेटवून हीटरच्या वरती जिथे पाइपखाली उघडी फट असते तिथे धरा. धूर आत ओढला जायला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर लगेच हीटर बंद करा, खिडक्या उघडा आणि प्लंबरला बोलवा, त्या दिवशी थंड पाण्याने आंघोळ करा. सी.ओ. (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म तळघरात आणि झोपायच्या खोल्यांबाहेर आधीपासून लावलेले असतीलच, नसतील तर काम सुरू करायच्या आधी तेच आणा.